मैदानावर ऐकू येणारे शब्द

नव्याने फुटबॉल शिकवायला उभे राहणारे शिक्षक माझ्याकडे सर्वांत आधी शब्दांची यादी मागतात. त्यांची अडचण खरी असते. आयुष्यभर खो-खो किंवा कबड्डी खेळलेल्या माणसावर शाळेच्या फुटबॉल संघाची जबाबदारी एके दिवशी येऊन पडते, आणि कोल्हापुरात राहून फुटबॉलमधले काही कळत नाही असे चारचौघांत म्हणण्याची सोय नसते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावे ज्या गावात पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात, जिथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले आणि शाहू स्टेडियमवरच्या सामन्यात पेठेची अब्रू पणाला लागते, तिथे 'ओव्हरलॅप म्हणजे काय हो?' असे विचारायला नव्या शिक्षकाची जीभ रेटत नाही. मग तो एकट्यात गाठतो आणि म्हणतो, "मॅडम, नुसते शब्द लिहून द्या, बाकीचं मी बघून घेतो."

यादी मी देते. मात्र देताना एवढे सांगते की, फुटबॉलमध्ये काही शब्द खेळाविषयी बोलण्याचे आहेत आणि काही खेळताना बोलण्याचे. पूर्वार्ध, उत्तरार्ध, बचावफळी, गोलरक्षक, गोलशून्य बरोबरी, टायब्रेकर, सडनडेथ हे सगळे पहिल्या जातीचे. ते वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर शोभतात, गॅलरीत बसलेल्याला उपयोगी पडतात आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सामन्याची चिरफाड करताना तर हवेच असतात. पण चेंडू पायाकडे येत असताना अकरा-बारा वर्षांच्या मुलीला त्यांचा काडीचा उपयोग नसतो. तिला हवा असलेला शब्द एका श्वासात ओरडता आला पाहिजे, तो कानावर पडताच अंगाने काहीतरी केले पाहिजे, आणि संघातल्या प्रत्येकीने तो एकाच अर्थाने वापरला पाहिजे. असे शब्द डझनभराहून फारसे जास्त नाहीत. नवे प्रशिक्षक शंभर शब्द पाठ करून येतात आणि नेमके हे डझनभर शिकवायचे राहून जातात, असे मला वारंवार दिसते.

त्यांतला पहिला शब्द 'मॅन ऑन'. मागून प्रतिस्पर्धी अंगावर येतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. मुलींच्या संघातही तो 'मॅन ऑन'च राहिला आहे आणि त्याचे कोणाला हसू येत नाही. काहीजणी 'मागं आली' असे ओरडतात, तेही चालते, कारण दोन्ही म्हणायला सारखाच वेळ लागतो. त्याच्या उलट 'टाईम': तुझ्याजवळ कोणी नाही, घाई करू नकोस, चेंडू ताब्यात घे आणि मान वर कर. 'टर्न': पाठीमागे जागा मोकळी आहे, वळ. 'परत': वळू नकोस, आला तसा चेंडू मला दे. चेंडू घेणारीचे डोळे चेंडूवर असतात आणि तिच्या पाठीमागे काय चालले आहे ते चेंडू देणारीला समोर दिसत असते. म्हणून हे शब्द देणारीनेच उच्चारायचे, आणि तेही चेंडू तिच्या पायातून सुटतासुटता. नवख्या संघात ओरड होते खरी, पण चेंडू पोचल्यावर. तोवर मागची मुलगी चेंडू हिसकावून निघालेली असते आणि 'मॅन ऑन' हा केवळ दुखवट्याचा ठराव उरतो.

यासाठी मी एक साधा सराव घेते. तीन मुली एका रेषेत उभ्या राहतात. एका टोकाची मधलीला पास देते. दुसऱ्या टोकाची, म्हणजे मधलीच्या पाठीमागची, कधी धावत अंगावर येते तर कधी जागेवर उभी राहते. पास देणारीने परिस्थिती पाहून शब्द द्यायचा आणि मधलीने मागे न बघता केवळ त्या शब्दावर विसंबून हालचाल करायची. सुरुवातीच्या दिवसांत यात जी गंमत होते ती पाहण्यासारखी असते. एक मुलगी 'टर्न' म्हणण्याऐवजी हाताने वळण्याची खूण करायची. मधली खाली चेंडूकडे बघते आहे, तिला खूण दिसणारच नाही, हे तिच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. दुसरी 'वळ, वळ, नको वळू, अगं मागं दे' असे आख्खे वाक्य बोलायची. तिसरीचा आवाजच फुटत नसे, कारण घरी आणि वर्गात तिने कायम हळू बोलावे अशीच अपेक्षा होती आणि भर मैदानात ओरडायला सांगणारे माणूस तिला प्रथमच भेटले होते. या तिसऱ्या मुलीसाठी शब्दाचा अर्थ शिकणे सोपे होते. तो मोठ्याने म्हणणे हाच खरा धडा होता, आणि मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने त्यासाठी वेळ राखून ठेवलाच पाहिजे.

हे शब्द कितीही मुरले तरी मान वळवून मागे बघण्याची सवय त्यांच्या जोडीला लागतेच. गेइर जॉर्डेट या नॉर्वेजियन संशोधकाने मोठ्या खेळाडूंच्या चित्रफिती तपासून दाखवले आहे की, चेंडू येण्याआधी जे मध्यरक्षक इकडेतिकडे जास्त वेळा नजर टाकतात त्यांचे पास अधिक अचूक जातात. या नजर टाकण्याला प्रशिक्षक 'स्कॅन' म्हणतात. मी नुसते 'बघ' म्हणते, आणि चेंडू अजून दूर असताना म्हणते.

आता 'माझा!' या ओरडण्याविषयी. उंच चेंडू खाली येत असताना दोघी एकमेकींवर आदळू नयेत म्हणून ज्याने त्याने 'माझा' म्हणायचे, हे सगळेच शिकवतात. अडचण अशी की समोरच्या संघातल्या मुलीही मराठीच बोलतात आणि त्यांचाही चेंडू 'माझा'च असतो. 'माझा' म्हणणे हा मुळातच फाऊल आहे असा समज मैदानांवर पसरलेला आहे, पण तो बरोबर नाही. प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित होईल असे बोलणे हे खिलाडूवृत्तीला सोडून असलेले वर्तन ठरते, त्यासाठी पिवळे कार्ड मिळू शकते आणि समोरच्या संघाला अप्रत्यक्ष (जिच्यावरून थेट गोल होत नाही अशी) फ्री किक जाते. प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे येऊन त्याच्याच संघातले असल्यासारखे 'सोड, सोड' म्हणणे हे त्याचे उत्तम उदाहरण, आणि आमच्याकडची काही चलाख पोरे त्यात तरबेज आहेत. म्हणून स्वतःचे नाव घ्यावे. 'सायली!' असे ओरडले की चेंडू कोणाचा, बाजूला कोणी व्हायचे आणि ओरडणारी कोणत्या संघाची, हे तिन्ही एका शब्दात कळते. गोलकीपरने मात्र नाव घेऊ नये, 'कीपर' म्हणावे, म्हणजे समोरच्या सगळ्या जणी आपोआप वाट देतात. आणि तिला स्वतःला बाहेर यायचे नसेल तर 'अवे', म्हणजे दिशा न बघता चेंडू लांब घालवा.

पायाच्या शब्दांकडे प्रशिक्षकांचे लक्ष कमी जाते, कारण 'किक मार' या दोन शब्दांत सगळे आले असे वाटते. किक पायाच्या कोणत्या भागाने मारायची यावर चेंडूचे पुढचे सगळे अवलंबून असते. आतल्या बाजूने मारलेला चेंडू हळू पण नेमका जातो. लेस बांधतो त्या वरच्या भागाने मारलेला जोरात जातो. बाहेरच्या बाजूने मारला तर वळतो. तळव्याने तो मागे ओढता येतो. इंग्रजी पुस्तकांतला 'इनस्टेप' हा शब्द इथे फार घोटाळा करतो. त्याचा अर्थ पायाचा वरचा, लेसचा भाग असा आहे, पण त्यात 'इन' असल्यामुळे निम्मे प्रशिक्षक तो आतल्या बाजूसाठी वापरतात, आणि मग एकाच संघात एका शब्दावर दोन तऱ्हेच्या किका बसतात. मी 'लेस' आणि 'आतली बाजू' एवढेच म्हणते. त्यावरही एका चिमुरडीने आपला वेल्क्रोचा बूट पुढे करून, "मॅडम, माझ्या बुटाला लेसच नाही," असे म्हटले होते. तेव्हा तिच्या बुटावर खडूने रेघ ओढली आणि 'ही तुझी लेस' असे सांगितले.

याच संदर्भात 'ट्रॅप' आणि 'टच' हे दोन शब्द पाहावेत. जुने खेळाडू 'ट्रॅप कर' म्हणतात आणि ते ऐकून मूल चेंडू पायाखाली दाबून जागच्या जागी मारून टाकते. नवे प्रशिक्षक 'पहिला टच' म्हणतात. त्यात चेंडू थांबवण्यापेक्षा पुढच्या हालचालीच्या दिशेने मऊ ढकलणे अपेक्षित असते. उन्हाळ्यात टणक झालेल्या आपल्या मैदानांवर, जिथे चेंडू पायाला लागून हातभर उडतो, तिथे हे मऊपण शिकवणे जिकिरीचे असते, पण शब्द बदलला की निदान इरादा बदलतो. चेंडूचे मापही तपासावे. साधारण आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, बारापर्यंत चार नंबरचा आणि त्यानंतर पाच नंबरचा चेंडू द्यायचा असतो. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो आणि सात वर्षांच्या मुलाच्या पायाला तो देऊन 'मऊ टच घे' म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे.

खेळाडूंच्या जागांची नावे हा या सगळ्या शब्दसंग्रहातला सर्वांत गुंतागुंतीचा आणि माझ्या मते सर्वांत रंजक भाग. नवा शिक्षक विचारतो, "सेंटर हाफ मधल्या फळीत असायला हवा ना? मग तो मागे का उभा असतो? आणि फुल बॅक सगळ्यांत मागे असायला हवा, तर तो कडेला का?" प्रश्न अगदी रास्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जी मांडणी रुळली ती दोन-तीन-पाच अशी होती: मागे दोन फुल बॅक, त्यांच्या पुढे तीन हाफ बॅक, आणि सर्वांत पुढे पाच फॉरवर्ड. सेंटर हाफ हा त्या मधल्या तिघांतला मधला, संघाचा कणाच म्हणा ना. त्या काळी ऑफसाईड न होण्यासाठी, म्हणजे पास निघताना नियमापेक्षा जास्त पुढे असल्याचा दोष न लागण्यासाठी, खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. याचा फायदा बचाव करणाऱ्यांनी असा उठवला की, एक फुल बॅक थोडा पुढे सरकला तरी समोरचे सगळे फॉरवर्ड ऑफसाईडमध्ये सापडत. न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकनने तर ही युक्ती इतकी घोटली की प्रेक्षकांना सामना बघवेनासा झाला. अखेर १९२५ साली नियम बदलून तीनऐवजी दोन खेळाडू पुरेसे ठरवण्यात आले. परिणाम तत्काळ दिसला: इंग्लंडच्या पहिल्या विभागात १९२४-२५ च्या हंगामात ११९२ गोल झाले होते, ते पुढच्या हंगामात १७०३ झाले.

गोलांचा हा पाऊस अडवायला मागे माणूस हवा होता. त्याच हंगामात आर्सेनल न्यूकॅसलकडून सात गोलांनी हरले आणि चार्ली बुकन या खेळाडूच्या आग्रहावरून हर्बर्ट चॅपमन या व्यवस्थापकाने सेंटर हाफला मागे ओढून दोन फुल बॅकांच्या मध्ये उभे केले. ते दोघे साहजिकच कडेला सरकले. माणसे हलली, नावे मात्र जुन्याच जागेची राहिली, आणि आज शंभर वर्षांनंतर कोल्हापुरातल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर नवा शिक्षक त्या नावांपाशी अडखळतो तो यामुळे.

शर्टांवरचे आकडेही याच जुन्या मांडणीतून आले आहेत. गोलकीपर १, फुल बॅक २ आणि ३, हाफ बॅक ४, ५, ६, आणि फॉरवर्ड ७ ते ११. पुढे प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने माणसे मागे घेतली, त्यामुळे आकड्यांचे अर्थ जागोजागी वेगळे झाले. इंग्लंडमध्ये पाच नंबर म्हणजे मागच्या फळीतला मधला खेळाडू. अर्जेंटिनात तो मधल्या फळीतच राहिला, म्हणून तिथे 'पाच नंबर' म्हणजे बचावाच्या पुढे उभा राहून खेळ तोडणारा आणि जोडणारा. हेच काम करणाऱ्याला हल्लीचे बहुतेक प्रशिक्षक 'सहा नंबर' म्हणतात. ज्या गावात अर्ध्या गल्लीवर ब्राझीलचे आणि अर्ध्या गल्लीवर अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, तिथे याचा उपद्रव होतोच. मोबाईलवर सामने पाहून आलेला मुलगा 'मी सहा' म्हणतो, त्याचे चुलते त्याला 'तू हाफला खेळतोस' म्हणतात, चुलत्यांच्या काळचा एखादा खेळाडू 'राईट आऊट' आणि 'लेफ्ट इन' असे शब्द काढतो, आणि तिघेही आपापल्या परीने बरोबर असतात.

म्हणून नव्या खेळाडूला जागेचे नाव देऊन सोडू नये. तुझ्या उजवीकडे कोण, डावीकडे कोण, चेंडू आपल्याकडे असताना तू कुठवर जायचे आणि गेला की कोणाला धरायचे, या चार गोष्टी सांगितल्या की नाव कोणतेही चालते. '४-४-२' सारख्या मांडण्या मागून पुढे मोजतात आणि गोलकीपर त्यात धरत नाहीत, एवढे ठाऊक असले म्हणजे दूरचित्रवाणीवरचे समालोचन कळते. दहा वर्षांच्या मुलांना त्याहून अधिकाची गरज नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ पासून लहान मुलांसाठी ज्या बेबी लीग सुरू केल्या त्यांतही छोटे मैदान आणि थोडे खेळाडू हेच सूत्र आहे. तसेही लहान मुलांना जागा नेमून देण्याचा खटाटोप व्यर्थ असतो. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आघाडीवर खेळला, तेव्हापासून तर जो तो फॉरवर्डच आहे.

१९२५ चा तो नियम अजून ऑफसाईडच्या रूपाने आपल्या मानगुटीवर बसलेला आहेच. ऑफसाईड समजावताना बहुतेक जण 'शेवटच्या बॅकच्या पुढे जायचे नाही' असे सांगून मोकळे होतात. एरवी त्यावर भागते, पण गोलकीपर पुढे आलेला असला की हिशेब चुकतो. नियमात 'शेवटून दुसरा खेळाडू' असे आहे आणि गोलकीपर हाही खेळाडूच असतो. मी एक लांब दोरी घेते. शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पायापाशी ती मैदानाच्या रुंदीला समांतर धरायची, तो हलला की दोरी हलवायची. मग पास देणारीला मध्येच 'फ्रीझ' म्हणून सगळ्यांना थांबवायचे आणि विचारायचे: पाय चेंडूला लागला त्या क्षणी पुढची मुलगी दोरीच्या पलीकडे होती का? चेंडूच्याही पुढे होती का? समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात होती का? तिन्हींना 'हो' आले तर ती ऑफसाईडच्या जागेवर आहे. दोरीच्या रेषेतच असेल तर नाही.

यात मुलांना सर्वांत अवघड जाते ते 'त्या क्षणी' हे दोन शब्द. पास निघाला तेव्हा मुलगी दोरीच्या अलीकडे होती आणि पोचला तेव्हा चांगली दहा पावले पलीकडे, सगळ्या बचाव करणाऱ्या हात वर करून उभ्या, "मॅडम, ती पुढंच हुती की!" म्हणून तक्रार. होती, पण नंतर. गॅलरीतले प्रौढ प्रेक्षकही याच ठिकाणी चुकतात आणि पंचांच्या घराण्याचा उद्धार करतात. दुसरे असे की नुसते ऑफसाईडच्या जागेवर उभे राहणे हा गुन्हा नाही. तिथून खेळात भाग घेतला किंवा प्रतिस्पर्ध्याला अडथळा केला तर तो होतो. गोल किक, थ्रो-इन आणि कॉर्नर यांवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाईड नसतोच, ही गोष्ट तर कित्येक वर्षे खेळलेल्यांनाही ठाऊक नसते, आणि थ्रो-इनच्या वेळी एकटी पुढे जाऊन उभी राहणारी हुशार मुलगी त्यामुळेच फुकट गोल करून जाते.

बचावासाठी मला एकच शब्द पुरेसा वाटतो: 'गोल-साईड'. आपण ज्याला धरले आहे त्याच्या आणि आपल्या गोलच्या मध्ये उभे राहायचे. ते जमले तर मग 'प्रेस' (अंगावर जाऊन दबाव टाक), 'कव्हर' (सोबतीणीच्या मागे आधाराला राहा), 'होल्ड' (जागा सोडू नको) यांना अर्थ आहे. समोरची चेंडू घेऊन येत असताना उडी न टाकता मागे सरकत तिला रेंगाळत ठेवण्याला इंग्रजीत 'जॉकी' म्हणतात. आमच्याकडे त्यासाठी 'घुसू नको, अडव' असे चालते आणि ते पुरते.

आता प्रशिक्षकाच्या स्वतःच्या तोंडातल्या शब्दांविषयी. एका स्पर्धेत शेजारच्या संघाचे प्रशिक्षक पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत 'फोकस, फोकस', 'मूव्ह, मूव्ह', 'कमॉन' असे ओरडत होते. माणूस मनाचा चांगला होता आणि जीव तोडून ओरडत होता, पण 'मूव्ह' म्हटल्यावर कोणी, कुठे आणि का हलायचे हे त्या बिचाऱ्या पोरींना कळत नव्हते. त्या प्रत्येक ओरडीला चेंडू सोडून बाकाकडे बघत होत्या. त्यात रेषेबाहेर उभे असलेले पालक. कोणाचे वडील 'मार' म्हणतात, कोणाचे मामा 'पास दे' म्हणतात, आणि चेंडू पायात असलेल्या मुलीला एकाच वेळी दोन्ही ऐकू येते. ती जे करील त्यावर कोणीतरी कपाळाला हात लावणार हे ठरलेलेच असते. सरावात जे शब्द शिकवले तेच सामन्यात, आणि तेही चेंडू दूर असताना बोलावेत, असे मी नव्या प्रशिक्षकांना सांगते. ज्या मुलीकडे चेंडू आहे तिच्याशी तिच्या संघाशिवाय कोणीही बोलू नये. पालकांना एकच शब्द मोकळा आहे, 'शाब्बास', आणि तो दोन्ही संघांसाठी वापरला तरी चालतो.

पंचांची भाषा हा शेवटचा भाग, आणि तो बहुतेक खुणांचा आहे. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्यातल्या उपांत्यपूर्व सामन्यात जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अँटोनिओ रॅटिन याला मैदानाबाहेर काढले. पंचांना स्पॅनिश येत नव्हते आणि रॅटिनला जर्मन येत नव्हते. आपल्याला का काढले हेच समजत नाही म्हणून तो बराच वेळ बाहेर जाईना. त्या स्पर्धेत पंचांचा कारभार सांभाळणारे केन ॲस्टन यांना पुढे गाडी चालवताना रस्त्यावरचे सिग्नल पाहून कल्पना सुचली, आणि १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकापासून पिवळे आणि लाल कार्ड आले. आज कोणत्याही गावातल्या कोणत्याही मुलाला ते वेगळे शिकवावे लागत नाही.

बाकीच्या खुणा मात्र शिकवाव्या लागतात. पंचांचा एक हात सरळ वर असेल तर फ्री किक अप्रत्यक्ष. तिच्यावरून थेट गोल होत नाही, आधी दुसऱ्या कोणाला तरी चेंडू लागावा लागतो. हात आडवा, दिशा दाखवणारा असेल तर ती थेट. दोन्ही हात पुढे पसरलेले असतील तर 'ॲडव्हांटेज': फाऊल झाला आहे, पण तुमचाच फायदा आहे म्हणून खेळ चालू ठेवा. या शेवटच्या खुणेला नवखा संघ हमखास फसतो. फाऊल झाला म्हणून आमच्या मुली थांबतात, समोरच्या थांबत नाहीत, आणि मग गोल खाल्ल्यावर पंचांकडे डोळे मोठे करून बघण्यात अर्थ नसतो. शिट्टी ऐकेपर्यंत खेळायचे, हे वाक्य मी पाढ्यासारखे म्हणून घेते.

गोलकीपरसाठी २०२५ पासून एक नवी खूण आली आहे. चेंडू हातात घेऊन सहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे नाही असा नियम पूर्वीही होता, पण त्याची शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किक अशी असल्याने पंच ती सहसा देत नसत. आता मर्यादा आठ सेकंदांची आहे, शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतात, आणि उशीर झाला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. आमच्या गोलकीपरला हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा ती चेंडू पकडल्याबरोबर घाबरून भिरकावून देऊ लागली, कारण बाकीच्या दहाजणी एकदमच 'सोड, सोड' म्हणून ओरडायच्या आणि त्या गलक्यात पंचांच्या बोटांकडे बघायचे तिला सुचत नसे. आता असे ठरले आहे की उजव्या बाजूच्या बॅकने एकटीने पंचांकडे बघायचे आणि 'पाच, चार, तीन' असे मोठ्याने म्हणायचे. इतरांनी पुढे पळून जागा घ्यायच्या आणि चेंडू ज्या बाजूला हवा असेल तिकडून आपले नाव ओरडायचे. सरावात ते जमू लागले आहे, फक्त ती बॅक अजून 'तीन'वर आली की घाईघाईने 'दोन-एक' एकत्रच म्हणून टाकते.